रडारवर जे दिसत नाही

विमान चालवायला शिकणाऱ्या मुलाला किंवा मुलीला एकट्याने हवेत जाण्याआधी एक भाषा शिकावी लागते. तिच्यातले बहुतेक शब्द इंग्रजी आहेत, म्हणून ती इंग्रजीच असावी असा आपला समज होतो. तो फार खरा नाही. या भाषेत ‘बहुतेक’ नाही, ‘साधारण’ नाही, ‘बघतो’ तर नाहीच नाही. सिनेमांनी घरोघरी पोहोचवलेला ‘रॉजर’ हा शब्द घ्या. त्याचा अर्थ ‘हो’ असा होत नाही. ‘तुमचे शेवटचे बोलणे मला पूर्ण ऐकू आले’ एवढेच तो सांगतो. ऐकलेले समजले आहे आणि तसेच करणार आहे, हे सांगायला ‘विल्को’ हा निराळा शब्द आहे. होकारासाठी ‘अफर्म’, नकारासाठी ‘निगेटिव्ह’. आवाज कसा येतो असे विचारले तर ‘छान येतो’ म्हणायचे नाही. एक ते पाच यांतला आकडा सांगायचा.

आपल्याकडे या भाषेची स्वतंत्र परीक्षा आहे. विद्यार्थी तिला ‘आरटीआर’ म्हणतात. कालपरवापर्यंत ती दूरसंचार खाते घेत असे. २०२४च्या भारतीय वायुयान अधिनियमानंतर ती नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे आली. धुळ्याला, गोंदियाला, नागपूरला विमान शिकायला आलेली मुले या परीक्षेसाठी नियम पाठ करतात. नियंत्रकाने उंची सांगितली की ती परत म्हणून दाखवायची, दिशा सांगितली की ती परत म्हणायची, धावपट्टीवर जायची परवानगी मिळाली की तीही शब्दशः परत म्हणायची. याला ‘रीडबॅक’ म्हणतात. नियमांच्या पुस्तकात हे सगळे असते. नसते ती तारीख. हा नियम कधी झाला आणि का झाला, हे तिथे कोणी छापत नाही.

मी वैमानिक नाही आणि या विषयातले शिक्षणही मी घेतलेले नाही. तारखांचा नाद मात्र जुना आहे. त्या नादाने विमान अपघातांच्या चौकशीचे अहवाल वाचू लागलो आणि मग वाचतच राहिलो. कितीतरी नियमांच्या मागे मृतांचा आकडा उभा असलेला दिसला, याचे फारसे आश्चर्य वाटले नाही. आश्चर्य दुसऱ्याच गोष्टीचे वाटले. रडार आल्यावर नियंत्रकाला विमान दिसू लागले; जे दिसते ते विचारावे लागत नाही; तेव्हा बोलण्याचे महत्त्व कमी होत गेले असेल अशी माझी कल्पना होती. अहवाल त्याच्या उलट सांगत होते. रडार आल्यानंतरचे काही मोठे अपघात शब्दांमुळे झाले होते, आणि त्यांतल्या काहींत तर विमान शेवटपर्यंत रडारवर दिसत होते.

आपल्या काव्यशास्त्राने शब्दाच्या तीन शक्ती सांगितल्या आहेत: अभिधा, लक्षणा, व्यंजना. वाच्यार्थाच्या पलीकडचे सुचवणारी व्यंजना ही त्यांतली मानाची. उत्तम काव्य तेच, ज्यात ध्वनी प्रधान असतो, असे मम्मट मानतो. वैमानिकाच्या बोलीत या शक्तीला मज्जाव आहे. तिथे शब्दाने फक्त अभिधेत राहायचे. कारण पलीकडे ऐकणारा माणूस रसिक नसतो. तो एका वेळी दहा विमाने सांभाळत असतो आणि त्याला चेहरे दिसत नाहीत.

ही बोली सुरू झाली तेव्हा रडार नव्हतेच. ७ एप्रिल १९२२ रोजी उत्तर फ्रान्समधल्या पिकार्डी प्रांतात, धुक्यात, दोन विमाने समोरासमोर धडकली. एक लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरून टपाल घेऊन निघालेले, दुसरे पॅरिसच्या ल बूर्जेहून प्रवासी घेऊन निघालेले. सात माणसे गेली. प्रवासी वाहतुकीतली ही पहिली हवाई टक्कर मानतात. आकाश एवढे मोठे, तरी दोघे एकाच वाटेवर आले, कारण दोघेही खालच्या खुणा बघत जात होते आणि खुणा त्याच होत्या. त्यानंतर उजव्या बाजूने जायचे असे ठरले. याच क्रॉयडनला फ्रेडरिक स्टॅन्ली मॉकफर्ड नावाचा वरिष्ठ रेडिओ अधिकारी होता. संकटात सापडलेल्या वैमानिकाने काय ओरडावे, हे ठरवायचे काम त्याच्याकडे आले. जहाजांचा ‘एसओएस’ तारयंत्राच्या टकटकीत उत्तम चाले, पण खरखरणाऱ्या रेडिओवर ‘एस’ हे अक्षर नीट ऐकू येत नसे. क्रॉयडनची बहुतेक ये-जा फ्रान्सशी होती, म्हणून त्याने ‘मला मदत करा’ या फ्रेंच शब्दाच्या उच्चाराशी जुळणारा ‘मेडे’ सुचवला. १९२७च्या वॉशिंग्टन परिषदेत तो आंतरराष्ट्रीय झाला. या बोलीचा हा जन्मस्वभाव ध्यानात घेण्यासारखा आहे. शब्द निवडताना अर्थापेक्षा तो ऐकू कसा येतो, हे आधी पाहिले गेले.

तरी बहुतेक जगात रेडिओ नव्हता. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या विमानतळावर १९२९ साली आर्ची लीग हा माणूस धावपट्टीच्या कडेला छत्री लावून बसे आणि ‘थांबा’साठी लाल आणि ‘जा’साठी चौकड्यांचे निशाण दाखवी. हे सगळे सामान तो एका ढकलगाडीतून आणत असे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन मुंबईत जुहूला उतरले, ते रेडिओवाचून. वाटेत त्यांच्याशी बोलणारे कोणी नव्हते. रेडिओ बंद पडला तर काय करायचे, हे आजच्या विद्यार्थ्यालाही शिकवतात, आणि तिथे तो जुना मूक काळ अजून जिवंत आहे: मनोऱ्यातून स्थिर हिरवा दिवा दिसला तर उतरायला मोकळीक, स्थिर लाल असेल तर दुसऱ्याला वाट देऊन घिरट्या घालत राहायचे, लाल उघडमीट झाली तर इथे उतरू नका.

जुहूवरून आठवले. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सच्या डीसी-८ विमानाला सांताक्रूझला उतरायची परवानगी मिळाली. वैमानिकाने परवानगी बरोबर ऐकली, बरोबर पाळली आणि विमान जुहूच्या लहानशा धावपट्टीवर उतरवले. सांताक्रूझच्या वाटेवर जुहू आधी लागते, आणि वरून पाहणाऱ्याला दोन्ही धावपट्ट्या साधारण एकाच दिशेच्या दिसतात. विमान धावपट्टी संपून पुढे गेले. सुदैवाने कोणी दगावले नाही. शब्द ठीक होता, डोळा चुकला. बहुतेक कहाण्या याच्या उलट आहेत.

रडारचा आरंभ २६ फेब्रुवारी १९३५चा मानतात. इंग्लंडमध्ये डॅव्हेन्ट्री येथे बीबीसीच्या लघुलहरी प्रक्षेपकाच्या टप्प्यातून एक बाँबर विमान नेण्यात आले आणि रॉबर्ट वॉटसन-वॉट आणि आर्नल्ड विल्किन्स यांनी शेतात उभ्या केलेल्या गाडीतल्या पडद्यावर त्याचा प्रतिध्वनी पाहिला. पाच वर्षांनी ब्रिटनच्या लढाईत किनाऱ्यावरच्या रडारमाळेने मोठे काम केले, हे सर्वश्रुत आहे. कमी बोलले जाते ते या रडारमागच्या बोलण्याबद्दल. पडद्यावर ठिपका दिसला की ती मुलगी—हे काम करणाऱ्यांत बऱ्याच तरुण मुली होत्या—टेलिफोनवरून तो बेंट्ली प्रायरीच्या खोलीत कळवी; तिथे इतर केंद्रांच्या माहितीशी तो ताडून पाहिला जाई; मग टेबलावरच्या नकाशावर सोंगटी सरके; मग विभागाचा नियंत्रक रेडिओवरून वैमानिकाला दिशा सांगे. ठिपका आणि वैमानिक यांच्यामध्ये माणसांच्या आवाजांची साखळी होती. त्या काळातले शब्द आजचा विद्यार्थीही वापरतो. नियंत्रकाने दिलेल्या दिशेला तो ‘व्हेक्टर’ म्हणतो. आपल्या विमानाची ओळख रडारला कळवणाऱ्या यंत्राचे युद्धकाळातले गुप्त नाव ‘पॅरट’, म्हणजे पोपट. म्हणून त्यावर चार आकडी खूण लावणे म्हणजे ‘स्क्वॉक’, पोपटाचे ओरडणे. अपहरण झाले तर ७५००, रेडिओ बंद पडला तर ७६००, इतर कोणतेही संकट असेल तर ७७००. न बोलता बोलायची ही सोय.

युद्धकाळात अमेरिकन शास्त्रज्ञ लुईस अल्वारेझ याने रडारवर पाहून आंधळ्या हवेत विमान खाली आणायची पद्धत सिद्ध केली. तिच्यात नियंत्रक शेवटच्या टप्प्यात अखंड बोलत राहतो: किंचित डावीकडे, उंची बरोबर, थोडे खाली, बरोबर. वैमानिकाने उत्तर द्यायचे नाही, फक्त ऐकायचे. बर्लिनची नाकेबंदी झाली तेव्हा, १९४८-४९मध्ये, या पद्धतीने धुक्यातून अन्नधान्य आणि कोळसा उतरवला गेला. विज्ञानकथाकार आर्थर सी. क्लार्क ब्रिटिश हवाई दलात याच यंत्रणेवर होता आणि त्याची १९६३ची ‘ग्लाइड पाथ’ ही कादंबरी तिच्यावरच आहे. वैमानिक गप्प आणि रडारचा माणूस बोलतो आहे, हे चित्र मोठे विश्वासाचे आहे. मला वाटते, पुढच्या काळातल्या एका घातक समजुतीचे मूळ या विश्वासातच असावे: तो मला पाहतो आहे, तेव्हा तो मला सांभाळील.

मधला एक टप्पा भराभर सांगतो. ३० जून १९५६ रोजी अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनवर दोन प्रवासी विमानांची टक्कर होऊन १२८ माणसे गेली. तिथे रडारची नजर नव्हती. त्यानंतर अमेरिकेने पैसा ओतून रडारचे जाळे वाढवले आणि विमान वाहतुकीसाठी नवे खाते काढले. त्याच वर्षी १ मार्चपासून ‘अल्फा, ब्राव्हो, चार्ली’ ही अक्षरमाला लागू झाली होती. तिच्यामागे माँट्रियल विद्यापीठातला जाँ-पॉल व्हिने हा भाषाशास्त्रज्ञ होता. इंग्रजी, फ्रेंच आणि स्पॅनिश बोलणाऱ्या माणसांच्या तोंडून आणि कानांतून शब्द पारखून घेतले गेले. ‘ज्युलिएट’च्या शेवटी मुद्दाम दोन ‘टी’ लिहितात. एकच असता तर फ्रेंच माणसाने तो मुका धरला असता. ‘नाइन’चे ‘नायनर’ झाले, कारण खरखरीत ते ‘फाइव्ह’सारखे ऐकू येते. व्याकरणकारांनी एवढ्या काळजीने केलेले काम जगात फार थोडे असेल. पण ही काळजी ध्वनीची होती. अर्थाची गाठ पुढे पडली.

१ डिसेंबर १९७४. ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सचे ५१४ क्रमांकाचे बोइंग ७२७ वॉशिंग्टनकडे येत होते. वाऱ्यामुळे त्याला डलेस विमानतळाकडे वळवले होते. विमानतळ अजून ४४ सागरी मैल लांब असताना नियंत्रकाने सांगितले की तुम्हाला धावपट्टी बारावर उतरण्याच्या मार्गासाठी ‘क्लिअर्ड’ केले आहे. उंचीबद्दल तो काही बोलला नाही. वैमानिकांच्या हातातल्या नकाशावर ‘राउंड हिल’ नावाच्या बिंदूपर्यंत ३,४०० फूट आणि त्यानंतर १,८०० फूट अशा उंच्या होत्या. विमानात त्यावर चर्चा झाली. कॅप्टनचे म्हणणे पडले की परवानगी दिली याचा अर्थ आता सुरुवातीच्या उंचीपर्यंत खाली जायला हरकत नाही. रडारवाला आपल्याला पाहतो आहे. पुढे डोंगर असता तर त्याने उंचीची अट घातली असती. विमान १,८०० फुटांकडे उतरले आणि माउंट वेदर नावाच्या डोंगरावर आदळले. ९२ जण होते, ९२ही गेले. (या डोंगराच्या पोटात अमेरिकन सरकारचे गुप्त तळघर होते, अपघाताची बातमी द्यायला गेलेल्या वार्ताहरांमुळे त्याचाही बोभाटा झाला.)

नियंत्रकाची समजूत अशी होती की डोंगरापासून अंतर राखणे हे वैमानिकाचे काम. वैमानिकाची समजूत अशी की रडारवर असलेल्या विमानाच्या बाबतीत ते नियंत्रकाचे काम. दोघांनी एकच शब्द वापरला, दोघांनाही तो स्पष्ट ऐकू आला, अक्षरमालेतले एक अक्षरही चुकले नाही. चौकशी मंडळात पाच सदस्य होते. तीन जणांनी ठपका वैमानिकांवर ठेवला, दोघांनी नियंत्रकावर. त्या एका शब्दाचा अर्थ काय, यावर सगळी कागदपत्रे समोर घेऊन बसलेल्या मंडळाचेही एकमत झाले नाही, हे मला त्या अहवालातले सर्वांत महत्त्वाचे वाटते. नियम मग बदलला: मार्गाच्या नकाशात छापलेल्या टप्प्यावर पोहोचेपर्यंत शेवटची दिलेली उंची सोडायची नाही. आजचा विद्यार्थी हा नियम एका ओळीत शिकतो.

याला एक पुरवणी आहे. साधारण सहा आठवडे आधी दुसऱ्या एका कंपनीचे विमान त्याच डोंगरावर जवळजवळ याच गैरसमजातून आदळता आदळता वाचले होते. त्या वैमानिकांनी आपल्या कंपनीला कळवले, कंपनीने आपल्या इतर वैमानिकांना सावध केले. बाहेर कोणाला कळले नाही. १९७६पासून अमेरिकेत नासाच्या देखरेखीखाली अशी कबुली निर्धास्तपणे नोंदवायची व्यवस्था सुरू झाली, ती या घटनेमुळे.

टेनेरिफेची हकीकत वाचकांना माहीत असेल. २७ मार्च १९७७, कॅनरी बेटे, लॉस रोडिओस विमानतळ. शेजारच्या बेटावर बाँब फुटल्यामुळे तिकडची विमाने इथे दाटीवाटीने उभी. जमिनीवर ढग उतरलेला, आणि जमिनीवरची विमाने दाखवणारे रडार विमानतळाला नाही. नियंत्रकाला काही दिसत नव्हते. त्याच्याकडे फक्त आवाज होते. केएलएमच्या वैमानिकाला उड्डाणानंतरच्या मार्गाची परवानगी मिळाली. त्याने ती परत म्हणून दाखवली आणि शेवटी जोडले, ‘वी आर नाऊ ॲट टेकऑफ’. त्या सहवैमानिकाला म्हणायचे होते की आम्ही निघालो. नियंत्रकाने ऐकले की आम्ही उड्डाणाच्या जागी उभे आहोत, आणि तो ‘ओके’ म्हणाला. मग तो ‘थांबा, मी सांगतो’ म्हणाला, पण त्याच क्षणी पॅन अमचा वैमानिक ‘आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत’ असे सांगत होता. एकाच लहरीवर दोघे बोलले की दोघांचेही ऐकू येत नाही, शिट्टी वाजते. केएलएमच्या कॉकपिटमध्ये ती शिट्टी ऐकू आली. तिथल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली होती, त्याने विचारलेही; कॅप्टनने ठामपणे ती बाजूला सारली. ५८३ माणसे गेली. त्यानंतर ‘टेकऑफ’ हा शब्द जवळजवळ सोवळ्यात ठेवला गेला. उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच तो उच्चारायचा. एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचे. एखादा शब्द असा एकाच कामासाठी राखून ठेवल्याचे उदाहरण मला आपल्याकडे मंत्रांखेरीज कुठे आठवत नाही.

टेनेरिफेला रडार नव्हते असे म्हणून सुटता येईल. २५ जानेवारी १९९०ला न्यूयॉर्कवर ते सगळीकडे होते. कोलंबियाहून आलेल्या आव्हियांका कंपनीच्या बोइंग ७०७ला खराब हवेमुळे वाटेत तीन वेळा मिळून सव्वा तासाहून जास्त घिरट्या घालाव्या लागल्या. पडद्यावर विमान दिसत होते, त्याची उंची दिसत होती, वेग दिसत होता. टाकीतले इंधन दिसत नव्हते. सहवैमानिक रेडिओवर होता. त्याने ‘प्रायॉरिटी’ मागितली. स्पॅनिश बोलणाऱ्या वैमानिकाच्या मनात त्या शब्दाला केवढे वजन असावे यावर पुढे पुष्कळ चर्चा झाली. न्यूयॉर्कच्या नियंत्रकाला तो शब्द गर्दीतल्या इतर विनंत्यांसारखा वाटला. ‘इमर्जन्सी’ किंवा ‘मेडे’ म्हटले असते तर सगळे आकाश रिकामे केले गेले असते. उतरण्याचा पहिला प्रयत्न फसला. कॅप्टनने सहवैमानिकाला स्पॅनिशमधून सांगितले की आपण संकटात आहोत असे त्यांना सांग. सहवैमानिकाने इंग्रजीत सांगितले की इंधन संपत आले आहे. नियंत्रकाने विचारले, तुम्हाला पंधरा मैल लांब नेऊन परत वळवतो, इंधनाच्या दृष्टीने चालेल ना? उत्तर गेले, चालेल असे वाटते, थँक यू व्हेरी मच.

हा ‘थँक यू’ मी विसरू शकत नाही. मोठ्या माणसाला आपली अडचण सांगताना आपणही तिचा आवाज कमी करतो. साहेब, थोडी गडबड होती, जमले तर बघा. समोरचा चिडला असेल अशी धास्ती असली की जास्तच. तो सहवैमानिक त्याच सुमारास कॅप्टनला म्हणाला होता की पलीकडचा माणूस रागावला आहे. थोड्याच वेळात चारही इंजिने बंद पडली आणि लाँग आयलंडवर कोव्ह नेक या वस्तीत विमान टेकडीवर कोसळले. १५८पैकी ७३ गेले. आग लागली नाही. जळायला टाकीत काही नव्हते. आता या प्रसंगासाठी दोनच वाक्ये ठरलेली आहेत. यापुढे उशीर परवडणार नाही हे सांगायला ‘मिनिमम फ्युएल’. राखीव इंधनालाही हात लागणार असेल तर तीनदा ‘मेडे’ आणि पुढे ‘फ्युएल’. सौजन्याला वाक्यात जागाच ठेवलेली नाही.

आपल्या भूमीवरचा सर्वांत मोठा विमान अपघातही याच जातीचा. १२ नोव्हेंबर १९९६, दिवाळीचेच दिवस होते. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास सौदी कंपनीचे ७४७ दिल्लीहून निघाले. त्यात आखातात कामाला निघालेले कितीतरी भारतीय होते. कझाकस्तानचे इल्युशिन-७६ दिल्लीकडे येत होते. जाणाऱ्या आणि येणाऱ्या विमानांना त्या वेळी एकच पट्टा होता. नियंत्रकाने येणाऱ्याला १५,००० फूट आणि जाणाऱ्याला १४,००० फूट उंची दिली. हजार फुटांचे अंतर पुरेसे असते. पण दिल्लीच्या त्या पडद्यावरचे रडार प्राथमिक स्वरूपाचे होते. विमान कुठे आहे ते त्यावर दिसे, किती उंचीवर आहे ते दिसत नसे. समोरासमोरचे दोन ठिपके एकमेकांत मिसळताना दिसले, तरी एक वर आणि एक खाली आहे असे धरून चालावे लागे. उंचीची माहिती एकाच मार्गाने येऊ शकत होती, वैमानिकाच्या तोंडून.

आणि इल्युशिनमध्ये ते तोंड वैमानिकाचे नव्हते. सोव्हिएत पद्धतीप्रमाणे रेडिओवर बोलायला वेगळा माणूस असे. इंग्रजी त्याला येई, पण त्याच्यापुढे उंचीमापक नव्हता. वैमानिकांच्या खांद्यावरून वाकून तो पाहावा लागे. विमान चालवणाऱ्यांचे इंग्रजी बेताचे, आणि त्यांची सवय फुटांची नसून मीटरची. नियंत्रकाने सांगितले की १५० वरच राहा, समोरून सौदी विमान येत आहे, दिसले की कळवा. अंतर विचारल्यावर उत्तर मिळाले: आठ मैल, १४० वर. हा १४० समोरच्या विमानाचा होता. इल्युशिन तोपर्यंत १५,०००च्या खाली आले होते आणि उतरतच होते. शेवटच्या क्षणी रेडिओवाल्याच्या ध्यानात आले आणि त्याने विमान वर घ्यायला सांगितले. ते किंचित वर आले आणि त्याचे शेपूट सौदी विमानाच्या पंखात घुसले. वर घेतले नसते तर कदाचित ते खालून निघून गेले असते. चरखी दादरीच्या शेतांवर ३४९ माणसे पडली, एकही वाचला नाही. त्या वेळी दिल्लीकडे येणाऱ्या एका अमेरिकन लष्करी विमानाने ढगात नारिंगी उजेड पाहिला.

न्यायमूर्ती लाहोटी यांच्या आयोगाने दिलेली उंची सोडून खाली येण्याला मुख्य कारण ठरवले आणि अपुऱ्या इंग्रजीकडे बोट दाखवले. त्यानंतर दिल्लीत येण्याजाण्याचे मार्ग वेगळे झाले, उंची दाखवणारे रडार लागले, टक्कर टाळणारे यंत्र भारतात सक्तीचे झाले. आंतरराष्ट्रीय संघटनेने पुढे वैमानिक आणि नियंत्रक यांच्या इंग्रजीची पातळी मोजायला सहा पायऱ्यांची मोजपट्टी केली. चौथी पायरी गाठल्याशिवाय आंतरराष्ट्रीय उड्डाण नाही. गंमत अशी की या परीक्षेत ज्याची मातृभाषा इंग्रजी आहे त्यालाही सूट असावी असे मला वाटत नाही. भराभर आणि तोकड्या वाक्यांत बोलणारा अस्सल इंग्रजी नियंत्रक परक्या वैमानिकाला काय कमी अवघड जातो? आव्हियांकाच्या प्रकरणात अर्धा वाटा त्याचाही होता.

उंची दिसू लागली, टक्करयंत्र आले, नव्या विमानांच्या बाबतीत तर वैमानिकाने निवडलेली उंचीही काही ठिकाणी पडद्यावर दिसते. म्हणजे उरले काय? २००६च्या जुलैमध्ये इंग्लंडमधल्या साउथएंडला सोळा वर्षांचा एक मुलगा लहानशा सेस्नातून एकट्याने उडत होता. एकट्याने जाण्याची ही त्याची अगदी सुरुवातीचीच खेप. उतरण्यासाठी तो धावपट्टीच्या सरळ रेषेत आला होता. मागून अधिक वेगाचे विमान येत होते, म्हणून नियंत्रकाने मुलाला तो मार्ग सोडून वळायला सांगितले. सराईत वैमानिकाला असे कोणी सांगितले तर तो वेग वाढवील, पंखांवरची फ्लॅप आवरील, चाल सावरून मग वळेल. नको असेल तर सरळ नाहीही म्हणेल. मुलाने सूचना पाळली. कमी उंचीवर, कमी वेगात वळताना विमानाचा आधार सुटला आणि ते कोसळले. मुलगा गेला. चौकशीचा निष्कर्ष असा की त्याच्या प्रशिक्षणाने आणि अनुभवाने त्याला ज्याची तयारी करून दिली नव्हती अशा परिस्थितीत तो टाकला गेला.

आपण शिकाऊ आहोत हे पहिल्याच हाकेत सांगा, असे अमेरिकेतल्या मार्गदर्शक पुस्तकात विद्यार्थ्यांना सुचवलेले आहे. ब्रिटनमध्ये एकट्याने उडणारा विद्यार्थी विमानाच्या खुणेआधी ‘स्टुडंट’ हा शब्द लावतो. तो ऐकला की नियंत्रकाने सूचना सोप्या द्यायच्या, एका वेळी थोड्या द्यायच्या, आणि उत्तर यायला वेळ लागला तर थांबायचे.